‘वेगळी केस मागा, सुटा’ म्हणणाऱ्या वकील मित्रास

मोहोळच्या आत्याने एक मेसेज पुढे ढकललाय. बांधावरच्या मारामारीत तिच्या नातवासह चौघांवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा आहे, चार्जशीट एकच. मेसेज म्हणतो: वेगळी केस मागणं आरोपीचा हक्क आहे, आमदारांना मिळते तशी तुम्हालाही मिळते, एकजण गायब राहिला की सगळ्यांचीच केस लटकते, एक सुटला की बाकीचे आपोआप सुटतात. खाली सही, ‘एक वकील मित्र’. आणि आत्या विचारते, “पोराला पुण्याला पाठवून देऊ का रे?”

नको. अजिबात नको. सोलापूरच्या कोर्टात हे रोज बघतो. एकजण तारखेला आला नाही की पकड वॉरंट निघतं. तरी सापडला नाही तर त्याची केस वेगळी काढतात आणि बाकीच्यांची पुढे चालते. वेगळी केस हवी होती ना, ती अशी मिळते! वर जामीन जातो, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. फरारीच्या पाठीमागेही साक्षी नोंदवता येतात, आणि पुढे तो साक्षीदार वारला किंवा सापडेनासा झाला तर तोच जबाब फरारीविरुद्ध वापरता येतो. उलटतपासणी कुणाची घेणार, फोटोची? फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर हद्दच केलीय. असल्या गंभीर गुन्ह्यात फरारी घोषित झालेल्याचा अख्खा खटला, आरोप निश्चित झाल्यावर ९० दिवस गेले की, त्याच्या गैरहजेरीत चालवता येतो. शिक्षेसकट.

आता ‘हक्क’. एकाच घटनेतल्या आरोपींना एकत्र चालवता येतं, असं संहितेचं कलम २४६ सांगतं. जुन्या कायद्यात हेच कलम २२३ होतं. आरोपीने लेखी अर्ज करायची सोय त्यात आहे खरी, पण ती एकत्र चालवा म्हणायची! वेगळं चालवायचं का, हे कोर्ट ठरवतं: एकत्र चालवल्याने कुणाच्या बचावाला धक्का लागतो का, खटला रेंगाळतो का, हे बघून.

आमदाराचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. २०२३ च्या नूह दंगलीत हरियाणाचे आमदार मम्मन खान आरोपी होते. ते आमदार आहेत म्हणून खालच्या कोर्टाने त्यांचा खटला वेगळा काढला. ते खूश झाले? वेगळा नको म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जिंकले. पुरावा तोच, घटना तीच, तर निव्वळ पदामुळे वेगळं काढता येणार नाही.

अल्पवयीन पोराचं प्रकरण मोठ्यांसोबत चालतच नाही, तेवढं कबूल. आत्याचा नातू तेवीसचा आहे.

मेसेजचा शेवटचा मुद्दा, एक सुटला की बाकीचे सुटतात, तो अर्धा खरा. पुरावा अगदी सारखा असेल तर एकाच्या सुटकेचा फायदा दुसऱ्याला मिळतो, पण आपोआप नाही. खटले वेगळे झाले तर एकातली साक्ष दुसऱ्यात वाचता येत नाही. पहिल्यात फुटलेला साक्षीदार दुसऱ्यात ठाम उभा राहू शकतो.

आत्या, पोराला पुढच्या तारखेला आणा. सकाळी अकराच्या आत.