रोमेरो परत आला तेव्हा आपण काय मागत होतो?

परवा रात्री कट्ट्यावर पुन्हा तोच वाद पेटला. डॅनी बॉइलचा झॉम्बीपट 'ट्वेंटी एट इयर्स लेटर' आता सगळ्यांचा बघून झालाय आणि चौघांतले तिघे नाराज आहेत. एकाचं म्हणणं, पहिल्या भागाचा नायक किलियन मर्फी नाही तर बघायचं कुणाला? ट्रेलरमध्ये एक हाडं निघालेला माणूस फुलांच्या रानातून उठताना दिसला, तेव्हा तो मर्फीच असं निम्म्या जगानं ठरवून टाकलं होतं, त्यात हाही होता. तो निघाला दुसराच कुणी. दुसऱ्याला शेवटची ती ट्रॅकसूटवाली टोळी अजिबात पटली नाही. तिसरा एवढंच म्हणाला, "पयल्यासारखं न्हाई राव."

मी तेव्हा काही बोललो नाही. भडंगाच्या एका पुड्यात संपेल असा हा विषय नाही, म्हणून इथं लिहितोय. बॉइलचा सिनेमा ज्यांचा राहिलाय त्यांनी खालचे काही परिच्छेद सोडून द्या.

ते वाक्य मला टोचलं, कारण वीस वर्षांपूर्वी मी तेच वाक्य अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोबद्दल बोललोय.

नवीन पोरांसाठी थोडं सांगतो. आज झॉम्बी म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, म्हणजे मेलेली माणसं उठतात, जित्या माणसांना खातात, मेंदूवर घाव बसल्याशिवाय थांबत नाहीत, हे सगळं रोमेरोनं १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये मांडलं. पिट्सबर्गमध्ये जाहिराती करणारा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. सव्वा लाख डॉलरच्या आतला खर्च, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, गावाबाहेरचं एक शेतातलं घर, आणि रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. त्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्द कुणीही उच्चारत नाही. नायक म्हणून ड्वेन जोन्स हा काळा नट घेतला. सगळी रात्र तो मेलेल्यांशी झुंजून एकटा वाचतो आणि सकाळी बंदुका घेऊन आलेली जिवंत माणसं त्याला गोळी घालतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगना मारलं होतं.

सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं, त्या गडबडीत पडद्यावरची कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानं हा सिनेमा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मालकीचा झाला. नांगरट यानं केली, सुगी दुसऱ्यांनी खाल्ली.

माझे वडील हौशी नाटकांची रंगभूषा करायचे. चॉकलेटच्या रक्ताचं सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, बरोबर आहे, काळ्या-पांढऱ्यात लाल रंग लावून काय उपयोग, तिथं गडदपणा पाहिजे. आमच्या घरात रोमेरोला मान मिळाला तो त्या दिवसापासून.

आपल्याकडची भुतं मला लहानपणापासून माहीत होती. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर. प्रत्येकाला जागा असते, काहीतरी राहिलेलं असतं, आणि नारळ-लिंबू देऊन त्याच्याशी काही बोलणं तरी होऊ शकतं. रोमेरोच्या मेलेल्याला यातलं काही नाही. त्याला गाव नाही, नाव नाही, राहिलेली इच्छा नाही. तो गर्दीतला असतो आणि कालपर्यंत शेजारीच राहत असतो. म्हणून या सिनेमांत भुताची गोष्ट कमी आणि आपली जास्त असते. १९७८ मध्ये त्यानं चौघांना एका मॉलमध्ये कोंडलं, बाहेर मेलेले, कारण जिवंतपणी त्यांना तिथंच यायची सवय होती. १९८५ मध्ये जमिनीखालच्या तळावर शास्त्रज्ञ आणि सैनिक एकमेकांचा जीव घ्यायला निघाले. दर वेळी काळ वेगळा, दुखणं वेगळं.

मग वीस वर्षं मेलेल्यांवर त्यानं दिग्दर्शित केलेला सिनेमा नाही.

त्या वीस वर्षांत आम्ही काय काय ठरवून ठेवलं होतं! २००२ मध्ये बॉइलनं आपल्या पहिल्या भागात संसर्ग झालेली माणसं धावायला लावली, २००४ मध्ये रोमेरोच्याच मॉलच्या सिनेमाचा रिमेक आला, त्यातही मेलेले धावत सुटलेले. रोमेरोचं म्हणणं साधं होतं, मेलेलं शरीर पळायला लागलं तर घोटे मोडतील. म्हणून आम्हाला वाटायचं, आता म्हातारा येईल आणि सगळ्यांना दाखवून देईल. तसाच मॉल पाहिजे, त्याचा रंगभूषाकार टॉम साविनीची तशीच आतडी पाहिजेत. आम्ही मागत होतो ते एवढंच.

२००५ मध्ये 'लँड ऑफ द डेड' आला. सीडी लायब्ररीतून आणून मित्राच्या खोलीवर पाहिला. शहर पिट्सबर्ग, जिथं दोन नद्या मिळून तिसरी होते. पाण्याच्या आणि विजेच्या कुंपणाच्या आत माणसं. मधोमध एक झगझगीत टॉवर, त्यात पैसेवाले. टॉवरच्या पायथ्याशी बाकीचे, जुगार खेळत आणि उरलंसुरलं वाटून घेत. कुंपणाबाहेर मेलेले. त्यांच्यातला एक पेट्रोल पंपावरचा कामगार, अंगात अजून पंपाचेच कपडे. तो हळूहळू शिकायला लागतो आणि बाकीच्यांना शिकवतो. माणसं त्यांच्या गावात लुटीला येतात तेव्हा आभाळात आतषबाजी सोडतात. मेलेले तोंड वर करून बघत राहतात आणि तेवढ्यात त्यांना कापून काढतात.

आम्ही काय म्हणालो? "यात भीती कुठाय?" "मेलेला विचार करतो म्हणजे काय?" "पहिल्यासारखं नाही." सीडी परत केली आणि विषय संपवला.

विचार करणारा मेलेला त्यानं १९८५ मध्येच दाखवला होता, हे तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बब नावाचा, हेडफोन लावून संगीत ऐकणारा, सलाम ठोकणारा मेलेला. तो सिनेमाही आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. बजेट निम्म्यावर आणलेलं, मनातली मोठी पटकथा बाजूला ठेवावी लागलेली, आणि वर प्रेक्षक म्हणाले मॉलवाल्याची सर नाही. आज त्याच बबचे पुतळे लोक कपाटात ठेवतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला तेव्हा आम्ही सांगलीत गावभागात भाड्यानं राहत होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पहिला मजला रिकामा करून वर गेलो, मग गच्चीवर. रात्री सगळ्या गल्ल्या काळ्याकुट्ट, पाण्याचा एकसारखा आवाज, आणि लांब, उंचावरच्या भागात इमारतींचे दिवे. त्या दिव्यांकडं बघत बसण्याशिवाय काही काम नव्हतं. तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांच्यातल्याच कितीतरी जणांनी नंतर आम्हाला जेवण पोचवलं. पण अंधारात, ओल्या कपड्यांत उभं राहून दुसऱ्याचा उजेड बघणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

पाणी उतरल्यावर, घरातला गाळ काढून झाल्यावर महिन्याभरानं तो सिनेमा पुन्हा लावला. नदीचा प्रसंग आला. पंपवाला काठावर थांबतो, पलीकडं टॉवरचे दिवे. मागची गर्दीही थांबते. मग तो पाण्यात पाय टाकतो, पाठोपाठ सगळे दिसेनासे होतात, आणि थोड्या वेळानं पलीकडच्या काठाजवळ एकेक डोकं वर येतं. मी रिमोट बाजूला ठेवला. हरिपूरच्या संगमावर आयुष्य गेलेल्या माणसाला, नदी आपल्याला राखते हा भरवसा किती पोकळ असतो, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. पिट्सबर्गच्या माणसालाही ते माहीत होतं. बावीस वर्षांच्या मला ते दिसलं नाही, कारण मी मॉल शोधत होतो.

ही खोड आपल्या गावाला नवीन नाही. आपण स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतो आणि ते खरंही आहे, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच खेळ उभा केला. वडिलांनी सांगितलेली एक आठवण आहे. एक ज्येष्ठ गायक नट बऱ्याच वर्षांनी आपल्या गाजलेल्या भूमिकेत उभे राहणार होते, तोंडाला रंग लावायला वडील. त्यांनी पद थोडं खालच्या पट्टीत, संथ, एकेक शब्द तोलून म्हटलं. वय झालं होतं आणि त्या शब्दांचा अर्थही आता त्यांना वेगळा लागला होता. मागच्या रांगांतून चुळबुळ सुरू झाली. मग कुणीतरी ओरडून जुन्या तानेची फर्माईश केली, आणि त्यांनी ती घेतली. लागली नाही. खोबरेल तेलानं रंग उतरवताना ते अवाक्षर बोलले नाहीत, असं वडील सांगायचे. लोकांना त्यांचं गाणं नको होतं, आपण तरुण असतानाची ती रात्र परत हवी होती.

म्हणून परत येणाऱ्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाकडून माझी अपेक्षा एकच आहे: आज त्याला काय छळतंय ते त्यानं दाखवावं. मेलेले पळोत की चालोत. यात मी सूट देत नाही. रोमेरोचा २००९ चा शेवटचा सिनेमा, बेटावरच्या दोन घराण्यांच्या भांडणाचा, मला तेव्हा आवडला नाही आणि आजही आवडत नाही. त्यात त्याच्या आजूबाजूचं जग कुठं दिसतच नाही. उलट २०२२ मध्ये आदित्य सरपोतदारनं मराठीत 'झोंबिवली' केला तेव्हा एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला वस्ती बघून मला बरं वाटलं. बी कुठलं ते लगेच ओळखू आलं.

आता बॉइल. २००२ मध्ये त्यानं ओसाड लंडन साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं, आणि त्या खरबरीत चित्रानंच पोटात गोळा यायचा. या वेळी बराच भाग आयफोनवर. गर्दीच्या खिशात आज जो कॅमेरा आहे तोच त्यानं उचलला. देश जगापासून तुटलेला, माणसं एका बेटावर, भरतीला बुडणाऱ्या एका वाटेनं मुख्य भूमीला जोडलेली, आणि जुन्या राणीचा फोटो अजून भिंतीवर. हे आजचंच इंग्लंड आहे.

आणि तो हाडांचा देव्हारा. राल्फ फाइन्सचा डॉक्टर संसर्ग झालेल्याची कवटी आणि न झालेल्याची कवटी सारख्याच मायेनं धुतो, एकावर एक रचतो. आईला घेऊन आलेला पोरगा शेवटी तिची कवटी सगळ्यात वर नेऊन ठेवतो. कट्ट्यावरच्या तिघांना हा भाग रटाळ वाटला. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या काकूंना आम्ही कुणीच खांदा देऊ शकलो नाही. पीपीई किट घातलेल्या अनोळखी माणसांनी त्यांना निरोप दिला, आम्ही लांबून हात जोडले. तो प्रसंग बघताना मी रडलो. मर्फी असता तरी मला यापेक्षा जास्त काही मिळालं नसतं.

रोमेरो १६ जुलै २०१७ ला टोरंटोमध्ये गेला. त्याला हे सांगायचं राहिलं.

येत्या रविवारी रात्री नऊला आमच्याकडं 'लँड ऑफ द डेड' लावतोय. कट्ट्यावरच्या तिघांनी यायचंच, बाकी कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. वेळेवर या. सुरुवातीलाच बागेतल्या बँडस्टँडवर वाद्यं हातात धरून उभे असलेले मेलेले बँडवाले आहेत, अजून वाजवायचा प्रयत्न करतायत. ते चुकवू नका.