‘पंख्याखाली बसून लिहिलेलं’ : गिऱ्ह्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘गिऱ्ह्याचा नैसर्गिक इतिहास’ या माझ्या मालिकेच्या चौथ्या भागावरची आपली प्रतिक्रिया वाचली. (गिऱ्हा म्हणजे खाडीत माणसाला वाट चुकवणारं कोकणातलं पाण्यातलं भूत; मालिकेत मी त्याला खराखुरा प्राणी मानून त्याचं वर्णन लिहितो.) दोनदा वाचली. एरवी मी ‘आभारी आहे’ एवढं लिहून मोकळा होतो, पण आपली शेवटची ओळ काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही, तेव्हा जरा सविस्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘लेख छान आहे, पण’ अशी सुरुवात. मग, माहीमच्या खाडीत साठ किलो वजनाचे मांसाहारी प्राणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात म्हणता, तर ते खातात काय? दहा टक्क्यांच्या नियमाने हिशेब बसत नाही. शिवाय एक-दोन प्राण्यांनी जात टिकत नाही, शेकड्यांनी लागतात. ते कुठे आहेत? त्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीच्या पाण्यात प्राणवायूच नाही. अष्टमीच्या मध्यरात्री भरती दाखवलीत, ती तेव्हा नसते. कृपया सीलाकँथचं, म्हणजे नामशेष झाला असं समजत असताना जिवंत सापडलेल्या माशाचं, उदाहरण देऊ नये. आणि शेवट: ‘एकूण खाडीत पाय न बुडवता पंख्याखाली बसून लिहिलेलं वाटतं.’ पुढे एक हसरा चेहरा.

अष्टमीचं आधी कबूल करून टाकतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास, आणि मध्यरात्री सुकती लागून चिखल उघडा पडलेला. माझा गिऱ्हा त्या चिखलावर पोहत होता. चूक माझी. खरं कारण सांगू? अमावास्या लिहिली की लगेच भुताची गोष्ट होते, आणि मला तर भूत प्राणिशास्त्रात आणायचं होतं. म्हणून आपली एक साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी तिथी घेतली आणि घड्याळ बघायला विसरलो. आपण दाखवून दिलंत, आभार. यात उपरोध नाही.

आता पंखा.

आमच्या घरात पंखा १९८६ साली आला. मी तेव्हा दहावीत होतो. त्याआधी कांजूरमार्गला रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला आमची खोली होती. वडील मिठागरावर हिशेब लिहायचे. पत्र्याचं छप्पर, मे महिना, आणि खाडीकडून येणारा वारा हाच काय तो पंखा. तोही भरती असली तर. ओहोटीला वारा यायचा तो चिखलाचा वास घेऊन. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सडक्या अंड्यासारखा म्हणतात खरं, पण ते अपुरं आहे. त्यात मीठ असतं, तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, कुजलेल्या पानांचा थोडा गोडूस दर्प असतो. मी अजून पूर्व द्रुतगती मार्गाने जाताना गाडीची काच खाली करतो. सोबतचे लोक वैतागतात.

पाय बुडवण्याबद्दल म्हणाल, तर माझ्या डाव्या तळव्यावर तीन टाक्यांची खूण आहे. १९८३, सातवीची उन्हाळी सुट्टी. शेजारच्या काकू कोळी होत्या, त्या निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) पकडायला खाजणात जायच्या आणि मी शेपटासारखा मागे. चिखलात चालायचं कसं ते त्यांनी शिकवलं. पाय सपाट टाकायचा, एका जागी उभं राहायचं नाही, आणि उचलताना टाच आधी सोडवायची. बोटांच्या बाजूने ओढलंस तर तू चिखलाला नाही, चिखल तुला ओढेल, असं त्या म्हणायच्या. मी एका जागी उभा राहिलो. चप्पल गेली ती गेलीच, आणि अनवाणी पाय दगडावर पडला तो कालवांवर, दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांवर. कालवांची धार ज्याने पाहिली नाही त्याने कृपया माझ्या पंख्याची चौकशी करू नये.

त्याच दिवशी काकूंनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि गिऱ्हा माझ्या डोक्यात शिरला तो तेव्हा. आम्ही समोर पाण्याकडे बघत होतो. पाणी अजून लांब होतं. काकूंनी खांदा धरून मला मागे फिरवलं. ज्या चरातून आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात आलो होतो, तो गुडघ्यापर्यंत भरला होता. सपाट दिसणाऱ्या चिखलात असे चर असतात, भरती आधी त्यांतून आत शिरते आणि माणसाच्या पाठीमागे पोचते. अंधारात, अनोळखी खाडीत, घराच्या दिशेने म्हणून चालणारा माणूस थेट खोल पाण्यात जातो. ‘गिऱ्ह्याने वाट चुकवली’ म्हणतात ते हेच असणार, असं मी पहिल्या भागात लिहिलंय. आपण पहिला भाग वाचला आहे का? प्रतिक्रियेवरून कळत नाही.

आणि मिठीत पाय. साहेब (बाई असाल तर बाई, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही), २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कलिन्याहून कुर्ल्याकडे चालत निघालो होतो. चालत कसला, दोराला धरून. पाणी छातीला. ते पाणी कुणाचं होतं? मिठीचंच. त्यामुळे माझे पाय मिठीत बुडालेले आहेत, पोटही बुडालेलं आहे, खिशातलं पाकीटही बुडालेलं आहे.

आपण म्हणाल की कांजूरची खाडी ठाण्याची आणि लेखातली माहीमची. असेल. चिखल तो चिखल.

मला लागलं ते वेगळंच. चौथा भाग जवळजवळ सगळा गिऱ्ह्याच्या केसांवर आहे. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. गिऱ्ह्याचे केस ज्याच्या हाती लागतात त्याचा तो गुलाम होतो आणि केस परत मिळेपर्यंत मागेमागे फिरतो, ही समजूत कोकणात कुणाच्याही आजीला विचारा. मी तीन आठवडे एकाच प्रश्नापाशी अडलो होतो: पाण्यातल्या प्राण्याला केस कशाला? पाण्यात केस म्हणजे अडचण. मग आफ्रिकेतला, कॅमेरूनकडचा केसाळ बेडूक आठवला. विणीच्या हंगामात त्याच्या नराच्या कुशींवर आणि मांड्यांवर कातडीचे बारीक धागे उगवतात, लांबून थेट केसच. त्यांत रक्तवाहिन्या असतात. नर पाण्यात अंड्यांपाशी बसून राहतो, आणि कातडीचा पसारा वाढल्याने त्याला पाण्यातला प्राणवायू जास्त घेता येत असावा, असं मानतात.

तिथून गिऱ्हा सुटला. त्याचं बीळ तिवरांच्या मुळाशी, अंडी आत, राखणीला नर, आणि डोक्यावरचे ‘केस’ म्हणजे खरं तर त्याचे बाहेर लोंबणारे कल्ले. ते कुणी उपटले, जाळ्यात अडकून तुटले, की नराला बिळात दम धरवत नाही. तो हवेसाठी वर येतो, कडेकडेने फिरतो, होडीच्या मागे येतो. माणसाला वाटतं, माझा गुलाम झाला. गुलाम कसला, गुदमरलेला बाप आहे तो. हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून चहा केला होता, इतकं मला ते आवडलं होतं. तुम्ही त्यावरून घसरत सरळ अष्टमीवर गेलात.

आता प्राणवायू. हा मुद्दा तुम्ही माझ्याविरुद्ध मांडलात, पण तो माझ्याच बाजूचा आहे. निवटी कशी जगते? कातडी आणि तोंडाची आतली बाजू ओली ठेवून हवेतून श्वास घेते. निवट्यांच्या काही जाती तर तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतात, म्हणजे अंड्यांना खालच्या चिखलातही हवा मिळते. जोगेश्वरीला अंधांच्या शाळेच्या विहिरीत एक मासा सापडला, २०२१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नावात ‘मुंबा’ आलं. त्याला डोळे नाहीत. वर शाळा भरत होती, खाली मासा होता, कुणाला पत्ता नव्हता. तिवरांचं झाडसुद्धा चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळं वर काढून श्वास घेतं. माहीमच्या पुलावरून जाताना चिखलात खिळे ठोकल्यासारखं दिसतं ते तेच. म्हणजे त्या चिखलात जो टिकतो तो हवेचा बंदोबस्त स्वतः करतो. गिऱ्ह्याने तो केलेला आहे. दुसऱ्या भागात आकृतीसकट.

सीलाकँथचं उदाहरण देऊ नका म्हणालात. देत नाही. फक्त एवढंच म्हणतो की १९३८ च्या डिसेंबरपर्यंत तो जिवंत आहे हे शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं.

राहिला खाण्याचा प्रश्न. तुमचा दहा टक्क्यांचा नियम ज्यावरून आला तो लिंडेमनचा १९४२ चा निबंध मलाही ठाऊक आहे. खालच्या पायरीवरची ऊर्जा वरच्या पायरीला साधारण दहावा हिस्सा पोचते, म्हणून वर जावं तसे प्राणी कमी. मान्य. पण तो हिशेब खाडीत जे पिकतं त्याचा. मिठी विहारपासून माहीमपर्यंत येताना अर्ध्या शहराचं उरलंसुरलं घेऊन येते, ते कुठल्या पायरीवर मांडणार? मुंबईत खायला काय मिळतं, हा प्रश्न मुंबईत राहणाऱ्याने विचारू नये. बोय, शिंगाळे, चिंबोऱ्या, घुशी. तिवरांत कोल्हे राहतात, ते उपाशी दिसतात का? गिऱ्हा थंड रक्ताचा आहे; त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. पवईच्या मगरी रोज जेवतात असं कुणी सांगितलं? साठ किलो जास्त वाटत असतील तर चाळीस करू. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी प्राण्याच्या वजनावर करायची असेल तर माझी हरकत नाही. शेकड्यांनी कुठे आहेत, याचं उत्तर सातव्या भागात येईल.

आणि हो, तो ‘पण’. ‘लेख छान आहे, पण’ असं लिहिणाऱ्याला लेख छान वाटलेला नसतो, हा माझा नऊ वर्षांचा अनुभव. ज्याला छान वाटतो तो ‘छान’ लिहून थांबतो. हसऱ्या चेहऱ्याचंही तसंच. समोरासमोर बोलताना तुम्ही माणसाला पंख्याखाली बसवून वर असे हसाल का? हसणार नाही. मग इथे का? मुद्दा असेल तर मुद्दा मांडा, चेहरे नकोत.

जास्त बोललो असेन तर सोडून द्या. मालिका वाचत राहा.

ता. क. अष्टमी काढायला चौथा भाग उघडला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी तुमच्याही नजरेतून सुटली आहे. गिऱ्हा फक्त उधाणाच्या भरतीला बाहेर येतो असं मी पहिल्या भागात ठरवलंय, आणि अष्टमीच्या सुमाराला तर भांग असतं, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते, पाणी धड तिवरांच्या खोडालाही लागत नाही. म्हणजे नुसती वेळच नाही, तिथीही चुकली होती. नाइलाजाने अमावास्या घातली आहे. पंधराची पाऊणपट, रात्री सव्वाअकरा. बदल केलेला लेख वर चढवला आहे.

हे सगळं लिहिताना पंखा चालू होता. ऑक्टोबर आहे.