क्रूझवरचं रात्रीचं जेवण आणि वडिलांचं धोतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

क्रूझवर पुरुषांनी रात्रीच्या जेवणाला काय घालावं, या लेखावर तुम्ही रागावून लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. लेखात 'सूट घ्या, नाहीतर ब्लेझर घ्या' एवढंच सांगितलं होतं. तुम्ही आर्णीकडचे कास्तकार. कपाशीचे पैसे हाती आले की वडिलांना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर जायचं तुमच्या मनात आहे. वडिलांनी जन्मभर धोतर, सदरा आणि टोपी सोडून काही घातलं नाही. म्हणून तुमचा सवाल: "काहून बा, पैसे आमचे, जेवण आमचं, अन् कपडे त्याइच्या मनाचे? जेवाले जायाचं का नवरदेव व्हाचं?" शिवाय एका सुटाच्या पैशात घरच्या चौघांचे कपडे होतात, आणि आपल्याकडच्या उन्हात तो सूट पुन्हा कधी अंगावर चढायचा?

सुटाच्या खर्चाचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. लेखात दुसरा पर्याय दिला नाही ही माझी चूक, ती इथे दुरुस्त करतो. पण 'ज्याला जे वाटेल ते घालू द्या' हे मात्र पटत नाही. लग्नाच्या पंगतीला आपण डवरणीच्या कपड्यांवर बसत नाही. हातपाय धुतो, धुतलेला सदरा घालतो, मग पाटावर बसतो. जहाजाच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्ये तेवढीच अपेक्षा असते, फक्त ती कागदावर लिहिलेली असते.

कागदावर काय लिहिलंय ते कंपनीगणिक बदलतं. 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या कंपनीच्या जहाजांवर फॉर्मल कपड्यांची सक्तीच नाही. कार्निव्हलवर २ ते ५ दिवसांच्या सफरीत एक आणि ६ दिवसांच्या पुढे दोन 'एलिगंट' (म्हणजे नीटनेटकं नटून जेवायच्या) रात्री असतात, आणि त्या रात्रीही साधी पँट आणि पूर्ण बाहीचा शर्ट चालतो, कोट ऐच्छिक. प्रिन्सेसवर आठवड्याच्या सफरीत साधारण दोन फॉर्मल, म्हणजे औपचारिक कपड्यांच्या, रात्री धरा. सगळ्यात कडक क्युनार्ड. तिथे 'गाला' म्हणजे खास समारंभाच्या संध्याकाळी काळा डिनर सूट किंवा गडद सूट लागतो, पण त्याच नियमात 'औपचारिक राष्ट्रीय पोशाख' चालेल असंही लिहिलेलं आहे. म्हणजे सगळ्यात कडक कंपनीनेही आपल्या पोशाखाला दार उघडं ठेवलंय. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या छोट्या सहली आणखी सैल असतात, तिथे सुटाचा विचारही करू नका.

तेव्हा बुकिंग करताना एजंटला दोनच गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फॉर्मल रात्री किती आहेत? भारतीय पारंपरिक पोशाख मुख्य डायनिंग हॉलमध्ये चालतो का? तोंडी 'चालते जी, काही टेन्शन नाही' यावर थांबू नका, कारण दारात उभा राहणारा माणूस एजंट नसतो. एखाद्या रात्री कपडे बदलायचा कंटाळा आला तर बुफे असतोच. तिथे जेवण तेच पोटभर, आणि कपड्यांचा नियम अगदी ढिला.

अडवतात ते वेगळ्याच कपड्यांना: बर्म्युडा, बिनबाह्यांचा बनियन, पोहण्याचे कपडे, फाटकी जीन्स, रबरी स्लीपर. टोपीला मनाई असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते सहसा चोच असलेल्या क्रिकेट टोपीबद्दल. पोशाखाचा भाग असलेली पांढरी टोपी किंवा फेटा वेगळा. वडिलांची टोपी डोक्यावर राहू द्या.

आता धोतर. एजंटने लेखी हो म्हटलं की धोतर चालतं. जहाजावर त्याची अडचण होते ती नियमामुळे नाही, बांधणीमुळे. केबिनच्या बाथरूमला उंबरठा असतो, उघड्या डेकच्या दारालाही असतो. घरी लोळता सोगा सोडायची सवय असेल तर तो या उंबरठ्यात अडकतो. म्हणून सोगा घोट्याच्या वर चार बोटं ठेवा आणि टोक कमरेला खोचा. कासोटा नेहमीपेक्षा घट्ट घ्या आणि वरून करगोट्याऐवजी बारीक कापडी पट्टा बांधा. डेकवर वारा सतत असतो, आणि जहाज थोडं जरी हललं तरी म्हातारा माणूस कठडा धरायला हात लांबवतो. त्या वेळी धोतर सावरायला हात मोकळा नसतो. आतून गुडघ्यापर्यंतची चड्डी हवीच, कारण हॉलच्या दिव्यांत झिरझिरीत धोतर आरपार दिसतं. झुळझुळीत धोतरापेक्षा जाड सुताचं घ्या. खळ अगदी पातळ करा. कडक खळीचं धोतर बॅगेत घडीवर मोडतं, ती रेघ पुन्हा जात नाही, आणि नवंकोरं धोतरही चुरगळलेलं दिसतं.

फॉर्मल रात्री नुसत्या सदऱ्यावर जाऊ नका. वर बंडी हवी, आणि माझा सगळा आग्रह या एका कपड्यासाठी आहे. गडद रंगाची, बंद गळ्याची बंडी सदऱ्यावर चढवली की धोतर असो वा पँट, तो पोशाख पूर्ण होतो. शिवाय हॉलमधला एसी गार असतो. वैशाखातली चंद्रपूरची तलखी सोसलेल्या माणसाला तिथे दीड तास बसून थंडी वाजते, म्हणून पाठ झाकणारं काहीतरी अंगावर लागतंच.

कापडासाठी मोठ्या शहरातल्या सूटच्या शोरूममध्ये जायची गरज नाही. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जे किडे वाढवतात, त्यांचा तो रेशीम. मूळ रंग मधासारखा, भुरकट. रंगवलेला निळा किंवा काळपट तपकिरीही मिळतो. बंडीला याच्यासारखं कापड नाही: चमक आहे पण डोळ्यात भरत नाही, आणि कोणत्याही देशाच्या माणसाशेजारी बसलं तरी ते साजतं. खादी हवी असेल तर वर्ध्याला मगन संग्रहालयाकडे नैसर्गिक रंगांची सुती खादी मिळते.

हातमागाच्या ४४-४५ इंच पन्ह्यात बंडीला दीड मीटर, अंग भारी असेल तर पावणेदोन. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर सव्वा मीटर पुरतं. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंची पन्ह्यात १.६० मीटर आणि पँटीला १.२० ते १.३० मीटर धरा.

तालुक्याच्या शिंप्याला बंडी उत्तम जमते, कोट सहसा जमत नाही. कोटाच्या छातीत आतून चिकटवायचं फ्युझिंग असतं. ते नीट बसलं नाही तर पहिल्या कडक इस्त्रीत छातीवर फोड येतात आणि कोट कामातून जातो. बंडीत ती भानगड फक्त कॉलरला आणि पुढच्या पट्टीला. तरी कोसा शिवायला देताना शिंप्याला चार गोष्टी उभं राहून सांगा. एक, शिवणीत इंचभर माया (जादा कापड) सोडायची. कोशाचा धागा सरकतो. बगल किंवा पाठ घट्ट झाली तर कापड फाटत नाही, पण शिवणीजवळ जाळी पडते. दोन, काज कापण्याआधी मागून फ्युझिंगचा तुकडा लावायचा, नाहीतर दोनदा बटण लावलं की काजाचे धागे पिंजतात. तीन, कॉलरला आतून ताठपणासाठी घालतात ते बक्रम मऊ हवं. कडक बक्रम म्हाताऱ्या मानेला काचतं आणि माणूस जेवताना सारखा गळ्याशी हात नेतो. गळ्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. चार, अस्तर गुळगुळीत हवं. सुती अस्तर सुती सदऱ्याला चिकटतं आणि बंडी वर सरकते.

माप उभ्याने घ्याच, पण ट्रायलला वडिलांना खुर्चीवर बसवून सगळी बटणं लावून बघा. हा कपडा जेवणाचा आहे, त्यात बसायचंय. बसल्यावर पोटापाशी बटणांमध्ये फट पडत असेल तर बाजूची माया तिथेच सोडवून घ्या. सुती खादी असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायची. शिवल्यावर आटली तर काही करता येत नाही.

घरी लग्नातला कोट असेल आणि तो अंगाला होत असेल, तर तुमच्यासाठी तोच न्या, नवीन काही नको. डांबराच्या गोळ्यांतून काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. बंद हॉलमध्ये तो वास शेजारच्या टेबलापर्यंत जातो. उजेडात धरून कसरीची भोकं बघा, विशेषतः कॉलरखाली आणि बगलेत. नवरदेवाची जरीची शेरवानी मात्र नेऊ नका. मनाई नाही, पण दीड तास टेबलावर बसायचं असतं. बाहीची जरी टेबलक्लॉथच्या धाग्यात अडकते आणि कोपर वाकवला की बोचते.

इस्त्रीचा मुद्दा मूळ लेखात एका ओळीत होता, तो खरं तर पहिला यायला हवा होता. केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने ती बॅग तपासतानाच काढून घेतात. कपड्यांची वाफेची इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्डही तसेच. काही जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते, पण सगळ्यांवर नाही. मग कापड असं घ्या की इस्त्रीवाचून निभावेल. पँट टेरीकॉटची किंवा टेरीवूलची. शर्ट शुद्ध सुती नको. टेरीकॉट किंवा खादीतलं पॉलिवस्त्र (सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं) घ्या. कोशाची बंडी प्लास्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळा, घडीच्या आत दुसरा कपडा ठेवा म्हणजे रेघ बसत नाही. केबिनमध्ये गेल्यागेल्या सगळं हँगरवर टांगा. तरी सुरकुत्या राहिल्या तर बाथरूममध्ये टांगून गरम पाण्याचा शॉवर पाच-सात मिनिटं सोडा, दार बंद ठेवा, मग बाहेर काढून हाताने ओढून सरळ करा आणि तासभर वाळू द्या. पाणी कोशावर उडू देऊ नका, थेंबांचे डाग पडतात. जहाजाकडून पैसे देऊन इस्त्री करून मिळते; फॉर्मल रात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी कपडे द्या, त्याच दिवशी देऊन संध्याकाळी मिळतील असं गृहीत धरू नका.

चपलांचं मात्र दोघांनाही अवघड जाणार. पुरुषांना उघडी चप्पल बऱ्याच हॉलमध्ये चालत नाही. धोतराखाली पुढून बंद मोजडी चांगली दिसते आणि नियमातही बसते. जन्मभर वावरात वावरलेल्या माणसाचा पंजा रुंद असतो, लांबीचा नंबर बघून घेतलेला बूट करंगळीला चावतो. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. महिनाभर आधी घेऊन घरात रोज तासभर घालायला लावा. तळ रबराचा हवा; गुळगुळीत चामडी तळ जिन्यावर घसरतो. आणि माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेला लग्नातला बूट तसाच बॅगेत टाकू नका. वरून तो नवा दिसतो, पण दमट हवेत काही सोल आतल्या आत कुजतात, आणि टिनाच्या छपराखालच्या उन्हाळ्याने गोंद सुटतो. तासभर चाललं की सोल चुऱ्यासारखा झडतो. घालून गावात चक्कर मारा, टिकला तरच न्या.

बाकी कपडे मोजकेच. चार रात्रींना तुमच्या दोन पँटी, तीन शर्ट, एक बंडी किंवा कोट, एक पट्टा, गडद मोज्यांचे चार जोड. वडिलांची तीन धोतरं, तीन सदरे, एक बंडी. सात रात्री असतील तर दोन शर्ट आणि दोन सदरे वाढवा, बंडी तीच. दुसऱ्या फॉर्मल रात्री आतला सदरा बदलला की पुरे. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोची बॅग आणि ७ किलो हातातलं सामान मिळतं, त्यात हे आरामात बसतं.

बंदरावर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात आणि ती केबिनच्या दाराशी कधी कधी संध्याकाळ उलटल्यावर येते. पहिल्या रात्रीचे कपडे, औषधं आणि वडिलांची टोपी हातातल्या पिशवीत ठेवा. पहिली रात्र म्हणूनच सहसा साधी असते. शेवटच्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवून द्यावी लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी उतरायचे कपडे आधी बाजूला काढा. सगळं भरून बॅग बाहेर ठेवल्यावर सकाळी अंगावर झोपायच्या कपड्यांशिवाय काही उरत नाही.

जेवताना कोशावर भाजीचा रस्सा सांडला तर घासू नका. कोरड्या रुमालाने टिपा आणि तसंच राहू द्या. साबण तर लावूच नका, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. गावी आल्यावर ड्रायक्लीनला द्या. पांढऱ्या सुती सदऱ्यावरचा डाग धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत हळद उडते.

कापड मात्र शिंप्याकडे लवकर टाका. दिवाळीआधी त्याच्याकडे सणाची गर्दी, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईची. जानेवारीत निघणार असाल तर नवरात्रात माप देऊन ठेवा आणि ट्रायलची तारीख तेव्हाच मागून घ्या. जहाजाचं नाव आणि तारीख ठरली की इथेच खाली लिहा, त्या सफरीच्या फॉर्मल रात्री कोणत्या ते बघून सांगतो.