अजून थोडे टाकलेत तर

“एवढ्यात?” असं म्हणून त्या गृहस्थांनी डोळे मिटले. शोकसभेत उभे राहतात तसे क्षणभर उभे राहिले, मग डोळे उघडून म्हणाले, “एवढ्यात चांगली कोॲक्स येईल.”

मी रेडिओ विचारला होता. परवाना नुकताच हातात पडलेला, हौशी रेडिओवाल्यांचा मेळावा, जुन्या सामानाची मांडलेली टेबलं आणि माझा एकच बाळबोध प्रश्न: पहिला सेट, कमी पैशांत, कोणता घेऊ? उत्तरादाखल मला केबल सुचवण्यात आली. म्हणजे हत्ती मागावा आणि अंकुश मिळावा.

गृहस्थांच्या टोपीवर कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं हवेतलं नाव, होतं, खिशावर कॉलसाइन होतं, हातातल्या मगवरही होतं. मी नाव विचारलं तर त्यांनी पुन्हा कॉलसाइनच सांगितलं, तेही एकेक अक्षर अल्फा-ब्राव्हो-चार्ली असं फोडून, मी समोर दोन फुटांवर उभा असताना.

“आधी सांगा, बोलायचंय कुणाशी?”

“कुणाशीही.”

“म्हणजे कुणाशीच नाही.”

राग आला, पण माणूस बरोबर होता, आणि तोच तर खरा त्रास. दोन मीटरचा बँड, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपासूनचा, आणि सत्तर सेंटिमीटरचा, ४३० च्या पुढचा, हे दोन्ही जवळपास नजरेच्या रेषेतच चालतात. हँडी, म्हणजे हातातला वॉकीटॉकी, त्याचा अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर. तिथून रेडिओचं क्षितिज साधारण ५ किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचं मिळून १०, तेही मध्ये एकही भिंत नसेल तर. भिंती असतातच. उलट १०० मीटर उंच टेकडीवरच्या रिपीटरचं, म्हणजे ऐकलेलं पुन्हा हवेत सोडणाऱ्या केंद्राचं, क्षितिज ४१ किलोमीटरवर जातं. तेव्हा हँडी घेण्याआधी आपल्या टप्प्यात रिपीटर आहे का, आणि यादीत आहे तो हवेतही आहे का, हे बघायचं. नसेल तर हँडी म्हणजे नुसती बॅटरी. अक्षरशः बॅटरी, कारण स्वस्त चिनी हँडीच्या डोक्यावर टॉर्च असतो आणि तो उत्तम चालतो.

“हा हँडी पाच वॅटचा,” गृहस्थ टेबलाकडे वळले. “पण अजून थोडे टाकलेत तर हा मोबाइल सेट, गाडीत लावायचा. पन्नास वॅट.”

“म्हणजे थेट घरात लावता येईल?”

“येईल की. फक्त १३.८ व्होल्टचा सप्लाय लागेल. हा १२ अँपिअरच्या आसपास ओढतो. पण सप्लाय घेताच आहात तर ३० अँपिअरचाच घ्या.”

“तीस कशाला?”

“उद्या एचएफ, म्हणजे दूरच्या पल्ल्याचा शॉर्टवेव्ह सेट, घ्याल तेव्हा. शंभर वॅटचा सेट २० ते २२ ओढतो.”

“मी एचएफ घेणार आहे?”

“सगळेच घेतात,” ते म्हणाले. सगळेच एक दिवस जातात, असं म्हणावं त्या सुरात.

‘अजून थोडे’ हे या छंदातलं मूळ एकक आहे आणि ते डेसिबलच्या, म्हणजे सिग्नलची ताकद पटीत मोजणाऱ्या एककाच्या, जातीचं आहे. ऐकायला तीनच वाढतात, प्रत्यक्षात रक्कम दुप्पट झालेली असते. मी गरीब आवाजात विचारलं, की मग हा आठ वॅटचा हँडी काय वाईट आहे? त्यावर मिळालेली शिकवणी मात्र फुकट होती म्हणून इथे देतो. पाचाचे आठ वॅट झाले की फरक पडतो २ डेसिबलचा. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवरची एक खूण म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे एक खूण वर सरकायला चौपट पॉवर लागते. तुमचे जादा तीन वॅट समोरच्याच्या कानाला खूणेच्या एक तृतीयांश इतके पोचणार. बॅटरी मात्र ते पूर्ण वाढून घेणार. त्यापेक्षा ४९ सेंटिमीटर वायर घ्या, अँटेनाच्या बुडाशी सॉकेटच्या बाहेरच्या, ग्राउंडच्या भागाला घट्ट जोडा आणि खाली लोंबती सोडा. दोन मीटरच्या बँडला ही पाव तरंगलांबी. आखूड रबरी अँटेनाला हवा असलेला दुसरा पाय तिनं मिळतो. हौशी मंडळी तिला वाघाची शेपूट म्हणतात. सेट वाघासारखा अजिबात दिसत नाही, कटलेल्या पतंगासारखा दिसतो. पण चालतो.

आता माझ्या अपमानाकडे येतो.

गृहस्थांनी माझ्यासमोर तो स्वस्त हँडी उचलला आणि बाजूच्या नारंगी बटणावर अंगठा ठेवून म्हणाले, “एक लक्षात ठेवा. हे बटण चुकूनही दाबून धरायचं नाही.” आणि दाबून धरलं. या बटणाला टिचकी मारली की एफएम लागतं आणि दाबून धरलं की भोंगा वाजतो. मेनूत तसं सेटिंग असेल तर तो हवेतही जातो. भोंगा वाजला. अख्खं सभागृह वळलं. तोवर त्यांनी तो सेट अत्यंत सहजपणे माझ्या हातात दिला होता. मी बटणं चाचपतोय, भोंगा केकाटतोय, आणि व्यासपीठावरून आवाज आला: “नवीन मंडळींनी कृपया सेट हाताळताना काळजी घ्यावी.” गृहस्थांनी मान डोलावली. माझ्याकडे बघून, समजूतदारपणे. वरची गोल खुंटी बंद होईपर्यंत डावीकडे फिरवायची, एवढं साधं होतं ते. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

“बरं, जुना एचएफ बघू का?” मी विषय बदलायला म्हणालो.

“हा बघा. मस्त चालत होता.”

जुन्या सेटच्या टेबलाशी क्रियापदाचा काळ नीट ऐकावा. ‘चालत होता’ म्हणजे डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा रोध, लावून, प्रत्येक बँडवर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून, पॉवर दाखवायला सांगायचं. मुख्य डायल हळू फिरवायची. आकडे उड्या मारत असतील तर डायलमागचा एन्कोडर गेला. दहा मिनिटं चालू ठेवून फ्रिक्वेन्सी सरकते का बघायचं. अँटेनाशिवाय, डमी लोडशिवाय कुणी “दाबून बघा” म्हणालं तर दाबायचं नाही, फायनल, म्हणजे पॉवर देणाऱ्या शेवटच्या, ट्रान्झिस्टरचा जीव तेवढ्यातही जातो. हे सगळं करा म्हटल्यावर गृहस्थांना अचानक आठवलं की त्यांचा डमी लोड घरी राहिलाय.

“सोल्डरिंग येतं का? मग बिटएक्स बांधा.” हा त्यांचा एकमेव सल्ला ज्यात ‘अजून थोडे’ नव्हतं. अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांचं हे घरी बांधायच्या एचएफ सेटचं सर्किट. सहज मिळणाऱ्या भागांतून उभं राहावं म्हणून कॉइल त्यांनी नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या होत्या. मूळ सेट १४ मेगाहर्ट्झवर ६ वॅटचा. त्यांच्या नंतरच्या मायक्रोबिटएक्सवर ७ मेगाहर्ट्झही मिळतो. तिथे डायपोल अँटेनासाठी १४३ ला ७.१ ने भागायचं, २० मीटर वायर, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा. सुरुवातीला हातभर जास्त ठेवा. कापता येतं, वाढवताना गाठी पडतात.

डिजिटलबद्दल एकच वाक्य: डीएमआर, डी-स्टार आणि सी४एफएम हे तीन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा जवळचा रिपीटर ज्याचा असेल त्याचाच सेट, नाहीतर साधा एफएम.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. जिथे जावं तिथे ही मंडळी रडतात: नवीन माणसं येत नाहीत, बँड ओस पडलेत. आणि नवीन माणूस आला की त्याला सप्लाय दाखवतात. कुणी एक जण असं म्हणत नाही, की बाबा रे, आधी महिनाभर फुकट ऐक. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा, २००८ मध्ये सुरू झालेला वेबएसडीआर लोकांना इंटरनेटवरून शॉर्टवेव्ह ऐकवतो. पैसा न घालता कळतं की आपल्याला एचएफची खरखर आवडते की डोकं उठतं. हेही कुणी सांगत नाही, की स्वस्त हँडीचा अख्खा रिसीव्हर एका चिपवर असतो, गाळणी नावापुरतीच, म्हणून जवळ जोरदार प्रक्षेपण केंद्र असेल तर बाहेरचा मोठा अँटेना लावल्यावर तो आणखी बहिरा होतो. किंवा संगणकावरून सेटमध्ये चॅनेल भरायच्या प्रोग्रामिंग केबलमध्ये नकली चिप निघाली की ड्रायव्हर तिला ओळखच देत नाही, तेव्हा एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपवाली घ्यावी आणि तिचा दोन पिनांचा प्लग कट्ट होईपर्यंत दाबावा. चर्प या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी सेटमधलं वाचून घ्यायचं, ती फाइल जपून ठेवायची, तिच्याच प्रतीत बदल करून परत भरायचं. रिपीटर उघडणारा टोन चुकला तर रिपीटर तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही त्याला येत नाही, आणि माणूस तासभर स्वतःचं कॉलसाइन भिंतीला सांगत बसतो. सेट नॅरोवर, म्हणजे अरुंद चॅनेलवर, राहिला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? भोंगा वाजवण्याइतका.

शेवटी मी तोच भोंगेवाला हँडी घेतला. निघताना गृहस्थ म्हणाले, “आणि कोॲक्स?” मग त्यांनीच हिशेब मांडला. आरजी-५८ केबल १५ मीटर टाकली तर दोन मीटरच्या बँडला ३ डेसिबल खाते. पाच वॅट निघाले, अडीच वर पोचले, बाकीच्यांनी केबल ऊबदार केली. सत्तर सेंटिमीटरला तर तिसरा हिस्साही धड उरत नाही. तीच आरजी-२१३ असेल तर दोन मीटरला साडेतीनच्या वर वॅट पोचतात. हिशेब बिनचूक होता. तो संपला आणि त्यांनी टेबलाखालून आरजी-२१३ चं भलंमोठं वेटोळं ओढून काढलं. सकाळपासून तिथेच होतं.

घेतली. १५ मीटर.

“ही हँडीला थेट लागेल ना?”

“छे! बोटाएवढी जाड केबल लोंबली तर सॉकेटच उपटून येईल. मध्ये पातळ पिगटेल, म्हणजे केबलचा आखूड तुकडा, लागतं. तेही बघून, तुमच्या सेटचा एसएमए कनेक्टर बाकीच्यांच्या उलट्या लिंगाचा आहे.”

“ते कुठे मिळेल?”

त्यांनी हातातला मग खाली ठेवला, खिशातून पत्र्याची एक लहानशी डबी काढली आणि झाकण उघडता उघडता म्हणाले, “अजून थोडे टाकलेत तर...”