दहा टक्क्यांचा हट्ट

‘सर्वेक्षण शास्त्रशुद्ध हवं तर लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांना विचारा. त्याहून कमी असेल तर निष्कर्ष कचऱ्यात. नमुना जितका मोठा तितकं उत्तर खरं.’ प्रकल्पांचे दिवस आले की बेळगावातल्या कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरू लागतो. पुढे ढकलणाऱ्यांत मास्तर लोकही असतात, म्हणून हा उपद्व्याप.

आधी दहा टक्के. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा सुमारे 47.8 लाखांचा. म्हणजे पावणेपाच लाखांवर अर्ज भरायचे! आणि जांबोटी-कणकुंबीकडचं 800 वस्तीचं गाव घेतलं तर अवघे 80 जण, तिथे उत्तर खऱ्या आकड्यापासून वर किंवा खाली दहा टक्क्यांहून जास्त चुकू शकतं. जिल्ह्यात नियम अवाढव्य, गावात तोकडा. 95 टक्के खात्री (म्हणजे अशी शंभर सर्वेक्षणं केली तर साधारण पंचाण्णवांत चूक या मर्यादेत राहील) आणि अधिक-उणे 5 टक्के चूक चालत असेल तर जिल्ह्याला सुमारे 385 माणसं पुरतात, त्या गावात 260 लागतात. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं की लग्नाचं, हे कोण विचारतं? भात ढवळलेला हवा, म्हणजे माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली हवीत, एवढंच.

‘कमी नमुना कचऱ्यात’ म्हणणाऱ्यांनी पीककापणी प्रयोग पाहावा. शेतात चिठ्ठी टाकल्यासारखी जागा निवडून 5 बाय 5 मीटरचा चौकोन कापतात. एकराच्या एक टक्काही नाही, पण अशा अनेक चौकोनांवरून उत्पादनाचा अंदाज बांधतात. या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत साताऱ्याकडच्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे होते.

‘मोठा तितका खरा’ हे तर 1936 मध्येच आपटलं. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे वीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या, त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं, जिंकले रूझवेल्ट. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले, मंदीच्या काळात, म्हणजे गरीब बरेचसे बाहेरच राहिले.

आमच्या एका सर्वेक्षणाचंही तेच झालं होतं. खानापूर तालुक्यात सकाळी अकराला दारं वाजवायचो. ‘हे शेतात गेल्यात, सांजच्याला या की,’ असं एक मावशी म्हणाल्या. आम्ही शेजारचं दार गाठलं. संध्याकाळी गठ्ठ्यात पेन्शनर आणि दुकानदारच जास्त. अर्ज फक्त मराठीत छापलेला, म्हणून आमच्यातल्या एकाने कन्नड घरं सरळ वगळलेली. आकडा 400, म्हणजे पुस्तकाप्रमाणे चोख.

त्यातही दहा गावांत प्रत्येकी 40 जण. एका गावाचं पाणी एक, बस एक, उसाची बिलं थकवणारा कारखानाही एकच, मग उत्तरंही सारखीच येणार. गावातल्या गावात हे साम्य 0.05 एवढं धरलं (0 म्हणजे साम्य नाहीच, 1 म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) तरी त्या 400 चं वजन साधारण 135 सुट्या माणसांइतकंच भरतं. ‘385 झाले की सुटलो’ म्हणणाऱ्यांनाही हे लागू. तालुकावार आकडे द्यायचे असतील तर प्रत्येक तालुक्याचा हिशेब वेगळा.

मुलांनो, गावं कमी आणि माणसं जास्त घेण्यापेक्षा गावं वाढवा, मतदार यादीतून चिठ्ठ्या काढा, कुलूप दिसलं तर त्याच घरी संध्याकाळी परत जा. आणि अर्ज दोन्ही भाषांत छापा, झेरॉक्सचे चार पैसे जास्त जातील.