कानातल्या खपल्या तशाच का ठेवल्या: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. केसपेपर काढून पाहिला, त्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरांशीही बोलले. तुमचं म्हणणं असं की सशाचे दोन्ही कान खपल्यांनी भरलेले असताना आम्ही त्यांना हातही लावला नाही, नुसतं इंजेक्शन देऊन पैसे घेतले, चांगल्या धडधाकट दुसऱ्या सशाच्या औषधाचेही पैसे लावले आणि घरात असलेले कुत्र्याचे इअर ड्रॉप्स वापरायला मनाई केली. शेवटी तुम्ही लिहिलंय की आता तुम्ही तेल लावून इअर बडने रोज थोड्या थोड्या खपल्या काढताय आणि दुसऱ्या डोसला येणार नाही. स्टार किती द्यायचे हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. पण ते खपल्या काढणं कृपया आजच थांबवा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

या खपल्या म्हणजे साचलेला मळ नव्हे. सोरोप्टेस क्युनिक्युली नावाचे माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक परजीवी, सशाच्या कानाच्या आतल्या त्वचेवर राहतात. ते त्वचेत बिळं करत नाहीत, वरच्या वर त्वचा टोचत राहतात. त्यातून जो स्राव येतो तो माइट्सची विष्ठा, मेलेल्या पेशी आणि खुद्द माइट्स यांच्यासह वाळत जातो आणि थरावर थर चढतात. डॉक्टरांनी खपलीचा एक सुटा कण तेलाच्या थेंबात ठेवून तुम्हाला मायक्रोस्कोपखाली दाखवला होता, त्यात पाय हलवणारे जे जीव दिसले ते हेच. अर्धा ते पाऊण मिलिमीटरचे असतात, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांनीही ठिपक्यासारखे दिसतात.

खपलीच्या खाली त्वचा जवळजवळ सोललेली असते. खपली ओढली की तिच्याबरोबर तीही निघते, रक्त येतं आणि उघड्या जखमेत जंतू शिरायला वाट मिळते. वेदना तर विचारू नका. ससा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं वाटतं. हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कोपऱ्यात आखडून बसणं, डोळे अर्धवट मिटणं, दात करकरा खाणं, गवत कमी खाणं, हीच त्याची तक्रार. दुखण्यामुळे खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि सशाच्या बाबतीत ती गोष्ट कानापेक्षा कितीतरी जास्त जिवावरची असते. म्हणून त्या दिवशी इंजेक्शनसोबत वेदनाशामक दिलं होतं. तेही लिहून दिल्याप्रमाणे पूर्ण करा.

औषध अंगात गेल्यावर माइट्स मरतात, खालची त्वचा भरून येते आणि खपल्या आपोआप सुटून पडतात. बहुतेक सशांमध्ये याला एक-दोन आठवडे लागतात. तुम्ही लिहिलंय की पाच दिवसांनंतरही कान तसाच दिसतोय. पाच दिवसांत तो तसाच दिसणार. खाजवणं आणि डोकं झटकणं कमी झालंय का, ते पाहा. सुधारणा आधी तिथे कळते. शेवटी एखादी जाड खपली राहिलीच तर ती आम्ही मऊ करून, गरज पडल्यास भूल देऊन काढतो. "आणा, दहा मिनिटांत कान स्वच्छ करून देतो" असं तुम्हाला दुसरीकडे फोनवर सांगितलं गेलं म्हणता. दहा मिनिटांत कान स्वच्छ दिसेलही, पण सशाच्या अशा कानाला ती पद्धत चालत नाही. मी माझ्या दवाखान्यात ते होऊ देणार नाही.

दुसऱ्या डोसचं कारण अगदी सरळ आहे. या औषधाचा अंड्यांवर भरवशाचा परिणाम होत नाही. अंड्यापासून प्रौढ माइटपर्यंतचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं. पहिल्या डोसनंतर जी पिल्लं बाहेर पडतात ती पुन्हा अंडी घालण्याआधी मारावी लागतात, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरा डोस, कधी तिसराही. तो चुकवला तर पहिल्याचे पैसे खरंच वाया गेले असं होईल.

दुसऱ्या सशाबद्दल थोडक्यात. एकत्र राहणाऱ्या, एकमेकांचे कान चाटणाऱ्या दोन सशांपैकी एकालाच माइट्स असणं फार दुर्मीळ. सुरुवातीला माइट्स कानाच्या नळीत खोल असतात, बाहेरून कान स्वच्छ दिसतो. त्याला सोडून दिलं असतं तर पहिला पुन्हा आजारी पडला असता. पिंजऱ्यातलं अंथरूण टाकून द्या, ब्रश आणि लाकडी वस्तूही धुऊन वाळवा, कारण थंड-दमट जागेत हे माइट्स अंगाबाहेरही काही आठवडे तग धरतात.

आता ड्रॉप्स. इथे डॉक्टर तुमच्याशी ठाम बोलले, आणि मीही तेच बोलले असते. कुत्र्यांच्या बऱ्याच इअर ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं. ससा स्टेरॉइडला फार संवेदनशील असतो, त्याची प्रतिकारशक्ती चटकन खाली येते आणि दबून असलेला संसर्ग डोकं वर काढतो. शिवाय कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आत उतरून ऐकण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम करतात. खपल्यांनी भरलेल्या कानात पडदा दिसतच नाही. आणि कृपया एवढं तर लक्षात ठेवाच: कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाला कधीही लावू नका, त्याने ससे दगावले आहेत. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिकही तोंडावाटे देऊ नका. आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि होणारा जुलाब जीव घेऊ शकतो.

तुम्ही फोटो टाकलाय त्यात दुसऱ्या सशाचे कान लोंबते आहेत, म्हणून हेही सांगते. लोंबत्या कानांच्या सशांची कानाची नळी मुळाशी दुमडलेली आणि अरुंद असते. मळ बाहेर यायला वाट नसते, त्यामुळे माइट्स नसतानाही आत जंतुसंसर्ग होतो. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाही, आत साठत राहतो आणि पडद्यामागच्या हाडाच्या पोकळीपर्यंत पोचतो. बाहेरून काहीच दिसत नाही. साध्या एक्स-रेमध्येही पुष्कळदा सुटतं, सीटी स्कॅनमध्ये नीट कळतं. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही कानांच्या मुळाशी हलकेच बोटं फिरवा. एका बाजूला फुगवटा लागला, हात लावताच ससा दचकला, एका बाजूचा ओठ लोंबतोय किंवा डोळा पूर्ण मिटत नाही असं वाटलं, तर मला दाखवा. थोडा पिवळसर मळ या कानांत असू शकतो, त्याला घाबरायचं कारण नाही, आणि तो काढायला इअर बड तर नकोच. बडने मळ आतच ढकलला जातो.

मान वाकडी होणं मात्र वाट पाहण्यासारखं लक्षण नाही. ते आतल्या कानाच्या संसर्गाने होतं, तसंच एन्सेफॅलिटोझून नावाच्या परजीवीनेही होतं. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, उपचार मात्र वेगळे: एकात दीर्घकाळ अँटिबायोटिक, दुसऱ्यात साधारण 28 दिवस फेनबेंडाझोल हे परजीवींवरचं औषध. तपासल्याशिवाय कुणीही फोनवर सांगू शकत नाही, मीही नाही.

दुसऱ्या डोसची तारीख तुमच्या केसपेपरवर आहे. दोघांना एकाच पेटीत घेऊन या, सोबत असले की ते कमी घाबरतात. उपाशी ठेवून आणू नका. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भूल द्यायची वेळ आली तरी पोट रिकामं लागत नाही, उलट गवत सतत समोर हवं. त्या दिवशी मी स्वतः तपासेन आणि कान ऑटोस्कोपमधून, म्हणजे कानात पाहायच्या उपकरणातून, तुम्हालाही दाखवेन. त्याआधी बडने काढलेल्या जागी रक्त किंवा पू दिसला, मान कलली, किंवा दहा-बारा तास ससा काही खात नाही आणि लेंड्याही पडत नाहीत असं झालं, तर तारखेची वाट पाहू नका, अपॉइंटमेंटही लागणार नाही, सरळ घेऊन या.