पाळी बंद पडणं हा फिटनेस नव्हे

'लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी आहाराचे सुवर्णनियम' असा एक मेसेज धावण्याच्या ग्रुपांवर फिरतोय. भाचीच्या ग्रुपवरून तो घरात आला आणि ती अर्ध्या जेवणावरून उठायला लागली, म्हणून हे उत्तर. मेसेज थोडक्यात असा: पोळी-भात बंद करा, रिकाम्या पोटी धावा, प्रोटीन पावडर घ्या, रक्तवाढीसाठी गुळाचा चहा प्या, धावताना पाणी पिऊ नका, वजन उतरवत राहा. आणि मुलींची पाळी थांबली तर घाबरू नका, शरीर 'रेसच्या वजनाला' आलंय असं समजा.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचं चुकीचं आहे आणि हे घातक आहे.

पाळी थांबते ती शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतं म्हणून. सराव कुठे थांबत नाही, मग मेंदू पुनरुत्पादनाचं खातं बंद करतो. संप्रेरकांचे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि हाडांची झीज भरून येईनाशी होते. मुलींच्या हाडांची बहुतेक घनता अठरा-वीस वर्षांपर्यंतच जमा होते. म्हणजे ऐन जमा करायच्या वयात उचल सुरू. मग नडगी दुखते, 'शिन पेन आहे, बर्फ लाव' म्हणून सराव चालू राहतो आणि एक दिवस एमआरआयमध्ये हाडाला चीर दिसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून यावर तज्ज्ञांची निवेदनं काढली आहेत, ताजं 2023 चं. त्यात या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) म्हटलंय आणि ती मुलग्यांनाही होते: टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घसरतं, वारंवार दुखापती होतात, सर्दी-खोकला सुटत नाही.

आकडे मांडून बघा. मुलगी 48 किलोची, चरबी वजा जाता साधारण 38 किलो. रोज 12 किमी धावते, म्हणजे सुमारे 575 कॅलरी धावण्यातच गेल्या. मेसेज वाचून ती 1600 कॅलरी खाते. उरल्या 1025, भागिले 38, म्हणजे किलोमागे 27. पुरेशी मानली जाणारी पातळी 45 च्या आसपास आणि 30 च्या खाली धोका, असा ढोबळ हिशोब तज्ज्ञ वापरतात. तिला हव्यात जवळपास 2300. राहिलेल्या 700 कॅलरी म्हणजे काही शाही खाना नाही: 50-50 ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, 50 ग्रॅम शेंगदाणे आणि 20 ग्रॅम गूळ.

अमेरिकेची मेरी केन 2013 मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या 1500 मीटर फायनलमध्ये धावली होती. वजन उतरवण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीर सांगितलं. याला कोणी रेसचं वजन म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. गर्भनिरोधक गोळीने रक्तस्राव होतो, पण त्यावरून मूळ कारण गेलं असं होत नाही. उलट ते झाकलं जातं. उपाय म्हणजे खाणं वाढवणं आणि काही काळ सराव कमी करणं.

हलका धावपटू वेगवान, यात तथ्य आहे, मान्य. पण ते वाढ पूर्ण झालेल्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखालच्या खेळाडूंपुरतं. सोळा वर्षांच्या मुलीने काट्यावर रोज चढायचं काहीही कारण नाही.

पोळी-भात बंद? रोज तास-दीड तास सराव असेल तर किलोमागे 6 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. 48 किलोला सुमारे 290 ग्रॅम. चार भाकऱ्या, 100 ग्रॅम तांदळाचा भात, दोन केळी आणि थोडा गूळ मिळून ती जेमतेम भरतात. ती तोडली की चौथ्या-पाचव्या इंटरव्हलला (मध्ये थोडी विश्रांती घेत मारलेल्या वेगवान धावेला) पाय जड होतात आणि कोच 'स्टॅमिना नाही' म्हणून आणखी दोन लावतात.

रिकाम्या पोटी चाळीस मिनिटं सावकाश धावलं तर बिघडत नाही, एवढं मेसेजचं खरं. इंटरव्हल किंवा तासाहून मोठी धाव असेल तर अर्धा तास आधी केळं किंवा दोन-तीन खजूर, वेळ असेल तर दोन तास आधी पोहे.

पावडरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उसळ, अंडी, दूध, दही यांतून भागतं. शिवाय डब्यात बंदी असलेलं काही निघालं तर डोपिंगचं खापर खेळाडूवरच फुटतं.

गुळाच्या चहाची मात्र कमाल आहे. चमचाभर गुळातलं लोह किरकोळ, आणि तेही शोषून घेण्यात चहाच आडवा येतो. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा, उसळीवर लिंबू पिळा आणि रक्ततपासणीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा, कारण पहिलं ठीक असताना दुसरं तळाला गेलेलं असू शकतं.

पाच किमीला वाटेत पाणी नाही प्यायलं तरी चालतं. उन्हात तासाच्या वर धावायचं तर प्यायलाच हवं. किती, ते ठरवायला एखाद्या लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा (काट्याचा हा एवढाच उपयोग). एक किलो घटलं म्हणजे जवळपास लिटरभर घाम भरून निघाला नाही. वजन वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं गेलं, आणि लांब शर्यतीत तेही धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं.